विश्लेषण : बोटांनी गिरवलेल्या अक्षरांनी बालशिक्षण कसे बदलले? काय होती मारिया मॉन्टेसरींची वाट?

मूल तीन वर्षांचे होऊन बालवाडीत जाऊ लागले, की घरोघरी एकच चौकशी सुरू होते : अक्षरे येऊ लागली का? काही शाळा पहिल्याच महिन्यात पाटी-पेन्सिल हातात देतात, तर काही शाळांत वर्षभर मणी ओवणे, ठोकळे रचणे आणि गाणी एवढेच चालते. दोन्हींच्या फलकावर नाव मात्र बहुतेक वेळा एकच असते, मॉन्टेसरी. हे नाव एका इटालियन डॉक्टर महिलेचे आहे. लहान मुलांना अक्षरे आणि त्यांचे ध्वनी हाताने, हालचालीने आणि आनंदाने शिकता येतात, हे त्यांनी रोमच्या एका गरीब वस्तीत दाखवून दिले. त्यांचे आयुष्य आणि त्यांची अक्षरपद्धती नेमकी काय होती, याचा हा आढावा.

मारिया मॉन्टेसरी कोण होत्या?

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोनाजवळच्या किआराव्हाले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत होते, तर आई रेनिल्दे यांना वाचनाची मोठी आवड होती. मारिया पाच वर्षांच्या असताना हे कुटुंब रोमला आले. मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे, असे मानण्याचा तो काळ होता. मारिया यांनी मात्र तेराव्या वर्षी तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला. आधी इंजिनीअर व्हायचे मनात होते, पुढे त्यांनी वैद्यकशास्त्राचा मार्ग धरला. वडिलांना हे पसंत नव्हते. आई मात्र ठामपणे पाठीशी उभी राहिली.

रोम विद्यापीठात शिकताना त्यांना सहज काहीच मिळाले नाही. पुरुष विद्यार्थ्यांच्या बरोबरीने एका तरुणीने मृतदेहाचे विच्छेदन करणे अशोभनीय मानले जाई. त्यामुळे वर्ग संपल्यावर शवागारात एकटीने थांबून त्यांना हा अभ्यास पुरा करावा लागे. १८९६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. इटलीतील अगदी पहिल्या काही महिला डॉक्टरांत त्यांची गणना होते. त्याच वर्षी बर्लिनमधील आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत त्यांनी इटलीचे प्रतिनिधित्व केले आणि स्त्रियांना समान कामासाठी समान वेतन मिळावे, ही मागणी मांडली.

डॉक्टर असूनही अक्षरांकडे कशा वळल्या?

पदवीनंतर त्या रोम विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करू लागल्या. त्या काळी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना वेड्यांच्या इस्पितळात प्रौढ रुग्णांसोबतच ठेवले जाई. त्यांना ना खेळणी मिळत, ना शिक्षण. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची अधिक गरज आहे, असा निष्कर्ष मॉन्टेसरींनी काढला. झाँ इतार आणि एदुआर सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी इंद्रियांच्या द्वारे शिकवण्याचे प्रयोग आधीच केले होते. मॉन्टेसरींनी त्यांचे ग्रंथ बारकाईने अभ्यासले.

१९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिच्या दोन संचालकांपैकी एक मॉन्टेसरी होत्या. तिथे त्यांनी लाकडाची मोठी, वळणदार अक्षरे करून घेतली. स्वर लाल रंगात, व्यंजने निळ्या रंगात. मुले त्यांवरून बोटे फिरवत आणि ध्वनी उच्चारत. यातली काही मुले सर्वसाधारण मुलांसाठी असलेल्या परीक्षेत वाचन-लेखनात उत्तीर्ण झाली, तेव्हा सगळीकडे कौतुक झाले. मॉन्टेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ज्यांना शिकताच येणार नाही असे मानले होते ती मुले इथवर पोहोचत असतील, तर बाकीच्या धडधाकट मुलांना शाळा मागे तर ठेवत नाही ना?

याच काळातल्या एका लहानशा प्रसंगातून त्यांना पद्धतीचे सूत्र सापडले. अकरा वर्षांच्या एका मुलीला कितीही दाखवले तरी शिवणकामाचा टाका जमत नव्हता. मॉन्टेसरींनी शिवण बाजूला ठेवली आणि तिला कागदी पट्ट्या खालीवर गुंफून चटई विणायला दिली. पट्टी खालून घालायची, वरून काढायची, ही हालचाल हातात बसल्यावर तीच मुलगी न शिकवता टाके घालू लागली. म्हणजे एखादे काम शिकवायचे तर आधी त्यातली हालचाल वेगळी काढून, दुसऱ्या सोप्या कामातून हाताला सवय करून द्यावी. लेखनालाही हेच लागू पडेल, असा त्यांचा तर्क होता.

यशाच्या शिखरावर असताना संस्था का सोडली?

या टप्प्यावर त्यांच्या खासगी आयुष्यात मोठी उलथापालथ झाली. सहकारी डॉक्टर जुझेप्पे मोन्तेसानो यांच्याशी त्यांचे प्रेमसंबंध होते. १८९८ मध्ये त्यांना मुलगा झाला, मारिओ. दोघांचे लग्न झाले नव्हते. अविवाहित मातेला त्या काळच्या रोममध्ये डॉक्टर म्हणून काम करणे अशक्य झाले असते. त्यामुळे बाळाला रोमबाहेरच्या एका कुटुंबाकडे वाढायला ठेवण्यात आले. आई अधूनमधून भेटायला जाई, पण आई म्हणून नव्हे. १९०१ मध्ये मोन्तेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी लग्न केले आणि मॉन्टेसरींनी संस्था सोडली. त्या पुन्हा विद्यार्थी झाल्या. मानववंशशास्त्र, मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय त्यांनी हाती घेतले.

जगभरच्या मुलांचा विचार करणाऱ्या या बाईंना स्वतःच्या मुलाचे बालपण पाहता आले नाही. मारिओ साधारण पंधरा वर्षांचे असताना, १९१३ च्या सुमारास, आईकडे राहायला आले. त्यानंतर ते अखेरपर्यंत त्यांचे सर्वांत जवळचे सहकारी राहिले. पुढची अनेक वर्षे बाहेरच्यांना मात्र त्यांची ओळख पुतण्या किंवा दत्तक पुत्र अशीच करून दिली जात होती.

सान लोरेन्झोमध्ये काय घडले?

सान लोरेन्झो ही रोममधील मजुरांची दाटीवाटीची वस्ती. तिथल्या चाळवजा इमारती एका गृहनिर्माण कंपनीने दुरुस्त केल्या होत्या. आईवडील कामावर गेले, की शाळेत न जाणारी लहान मुले जिन्यांत आणि भिंतींवर उच्छाद मांडत. भिंती खराब होऊ नयेत म्हणून या मुलांना एका खोलीत सांभाळावे, असा मालकांचा व्यवहारी हिशेब होता. काम मॉन्टेसरींकडे आले. ६ जानेवारी १९०७ रोजी तिथे कासा देई बांबिनी, म्हणजे मुलांचे घर, सुरू झाले. सुमारे ५० मुले, वये साधारण तीन ते सहा. प्रशिक्षित शिक्षिका नव्हती आणि पैसाही बेताचाच होता.

इथे अक्षरे शिकवण्याचा मॉन्टेसरींचा मुळीच विचार नव्हता. लेखन-वाचन सहाव्या वर्षानंतरच सुरू करावे, या प्रचलित समजाचा पगडा त्यांच्यावरही होता. त्या मुलांना दंडगोल खाचेत बसवणे, रंगांच्या छटा लावणे, गुंड्या-बंद लावणे, हात धुणे अशी कामे देत होत्या. पण मुलांमधला बदल पाहून आयाच त्यांच्याकडे आल्या. त्यांतल्या अनेकींना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. आमच्या मुलांना अक्षरे शिकवा, असा त्यांनी आग्रह धरला. त्या आग्रहामुळे १९०७ च्या अखेरीस मॉन्टेसरींनी अक्षरांना हात घातला.

खरखरीत अक्षरांची कल्पना कशी सुचली?

आधीच्या संस्थेतील सुबक लाकडी अक्षरे पुन्हा करून घेणे परवडणारे नव्हते आणि तशी करून देणारा कारागीरही मिळेना. मग मॉन्टेसरींनी कागदाची अक्षरे कापली. सुतार लाकूड घासायला वापरतो त्या पॉलिश पेपरची अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यांवर चिकटवली. तडजोड म्हणून केलेला हा उपाय लाकडापेक्षा सरस निघाला. बोट अक्षरावर असेपर्यंत खरखरीत लागे, वळण चुकले की गुळगुळीत. चूक दाखवायला बाईंची गरजच उरली नाही.

या पद्धतीचे चार भाग होते :

पहिला, हाताची तयारी. दंडगोलांच्या छोट्या मुठी तीन बोटांच्या चिमटीत धराव्या लागतात, पेन्सिलही तशीच धरायची असते. धातूच्या आकृत्यांची कड गिरवून आत रंगीत रेघा भरताना पेन्सिलीवर ताबा येतो. अक्षर लिहिण्याआधीच हात लिहिता होतो.

दुसरा, अक्षर आणि ध्वनी यांची गाठ. मूल दोन बोटांनी लिहिण्याच्या दिशेने खरखरीत अक्षर गिरवते आणि त्याच वेळी ध्वनी ऐकते, उच्चारते. अक्षराचे नाव नव्हे, तर ध्वनी. इटालियन वर्णमालेत एम या अक्षराचे नाव ‘एम्मे’ आहे, पण मुलांना फक्त ओठ मिटून केलेला ‘म्’ ऐकवला जाई. डोळे, कान आणि स्पर्श तिन्ही एकाच वेळी कामाला लागतात.

तिसरा, तीन पायऱ्यांचा पाठ. मूळ कल्पना सेगँ यांची. आधी दोन अक्षरे दाखवून त्यांचे ध्वनी सांगायचे. मग सांगितलेल्या ध्वनीचे अक्षर मुलाकडून ओळखून घ्यायचे. शेवटी अक्षराकडे बोट दाखवून ध्वनी विचारायचा. मूल दुसऱ्या पायरीवर अडले तर चुकलास असे म्हणायचे नाही. पाठ तिथेच थांबवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

चौथा, सुटी अक्षरे. कप्प्यांच्या पेटीत प्रत्येक अक्षराच्या अनेक प्रती असत. मूल शब्द मोठ्याने म्हणे, त्यातले ध्वनी वेगळे करी आणि एकेक अक्षर काढून चटईवर मांडी. हात अजून लिहीत नसला, तरी डोक्यात शब्दाची जुळणी झालेली असे.

गच्चीवर काय घडले?

डिसेंबरातल्या एका उबदार दिवशी मॉन्टेसरी मुलांसह इमारतीच्या गच्चीवर होत्या. जवळ बसलेल्या पाचेक वर्षांच्या मुलाला त्यांनी खडू दिला आणि समोरच्या धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. त्याने फरशीवर चित्र काढले. क्षणभर थांबून आपल्याला लिहिता येते असे तो आनंदाने ओरडला आणि त्याने शब्द लिहिला, ‘मानो’, म्हणजे हात. पाठोपाठ ‘कामिनो’ म्हणजे धुराडे आणि ‘तेत्तो’ म्हणजे छप्पर. हाताला कोणीही धरले नव्हते. बाकीची मुले भोवती जमली, खडू मागू लागली आणि त्यांतली काही तिथेच लिहू लागली.

पुढचे काही दिवस वस्तीत लेखनाची साथच आली. जमिनी, दारे, भिंती काही सुटले नाही. एका घरी तर पावावरही अक्षरे उमटली. आयांनी मग मुलांना कागद-पेन्सिली आणून दिल्या. मॉन्टेसरींनी या घटनेला लेखनाचा स्फोट म्हटले. त्यामागे जादू नव्हती. हाताची तयारी, अक्षराचे वळण आणि ध्वनींचे पृथक्करण या तीन गोष्टी मूल वेगवेगळ्या शिकले होते, त्या एका क्षणी जुळून आल्या.

वाचन मात्र काही महिन्यांनी आले. आपण लिहिलेला शब्द आपल्याला माहीत असतो, दुसऱ्याने लिहिलेला शब्द उलगडावा लागतो, म्हणून लेखन आधी आणि वाचन नंतर, असा क्रम त्यांनी मांडला. वाचनासाठी त्यांनी चिठ्ठ्यांचा खेळ रचला. चिठ्ठीवर खेळण्याचे नाव, ते वाचले की ते खेळणे खेळायला मिळणार. मुलांनी खेळणी बाजूला ठेवली आणि आणखी चिठ्ठ्या मागितल्या.

मग हा खेळ की काम?

या प्रश्नावर मॉन्टेसरींचे मत आजच्या समजापेक्षा वेगळे होते. मूल रमून जे करते त्याला त्या काम म्हणत. साहित्य मुलाने निवडायचे, हवा तितका वेळ घ्यायचा, बक्षीस नाही, शिक्षा नाही. पण साहित्य ज्या हेतूसाठी आहे त्यासाठीच वापरायचे. दंडगोलांची आगगाडी करणे त्यांना मान्य नव्हते. परीकथा आणि कल्पित खेळांनाही त्यांनी फारसे स्थान दिले नाही.

टीकाही नेमकी इथेच झाली. १९०९ मध्ये त्यांच्या पद्धतीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आले. १९१३ च्या डिसेंबरात त्या अमेरिकेत गेल्या तेव्हा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील व्याख्यानाला तुडुंब गर्दी झाली. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग भरवला गेला आणि लोक बाहेरून मुलांचे काम पाहत राहिले. मात्र १९१४ मध्येच कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी या पद्धतीवर कठोर टीका करणारे पुस्तक लिहिले होते. साहित्य ठरावीक, कल्पनाशक्तीला वाव कमी, मुलामुलांतील देवाणघेवाण कमी, असे त्यांचे आक्षेप होते. इटालियनसारख्या उच्चारानुसारी भाषेत चालणारी लेखनपद्धती इंग्रजीत तशीच चालणार नाही, हाही मुद्दा पुढे आला. अमेरिकेतील लाट ओसरली. ती पुन्हा उठली १९६० च्या सुमारास.

मुसोलिनी यांच्याशी संबंध कसा आला?

हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत वादग्रस्त पान. १९२४ मध्ये मॉन्टेसरी आणि इटलीचा हुकूमशहा बेनितो मुसोलिनी यांची भेट झाली. निरक्षर देशात चार-पाच वर्षांची मुले लिहू लागतात, याचे मुसोलिनीला आकर्षण होते. मॉन्टेसरींना शाळांसाठी सरकारी पाठबळ हवे होते. काही वर्षे ते मिळालेही. पण स्वतः निवड करणारे मूल आणि हुकूम पाळणारा नागरिक या दोन कल्पना फार काळ एकत्र नांदणाऱ्या नव्हत्या. शाळांवर फॅसिस्ट राजवटीचे नियंत्रण वाढत गेले आणि १९३४ मध्ये मॉन्टेसरींनी इटली सोडली. पद्धतीचा प्रसार हेच ध्येय मानून त्यांनी राजवटीचे स्वरूप ओळखायला उशीर केला, ही टीका आजही होते. त्यानंतर त्या बार्सिलोनाला राहिल्या, १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले, तेव्हा नेदरलँड्सला गेल्या.

भारतात त्या कशा आल्या?

१९३१ मध्ये लंडनला गोलमेज परिषदेसाठी गेलेल्या महात्मा गांधींची आणि त्यांची भेट झाली होती. १९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओंसह मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. मुक्काम काही महिन्यांचा ठरला होता, तो सहा वर्षांहून अधिक लांबला. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच ब्रिटिश सरकारच्या लेखी हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओंना नजरबंदीच्या छावणीत नेण्यात आले, मारिया यांच्या हालचालींवर बंधने आली. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, सरकारने मारिओंची सुटका केली. सरकारच्या निरोपात त्यांचा उल्लेख पुत्र असाच होता. चाळीस वर्षे झाकून ठेवलेले नाते अशा रीतीने परक्या देशात उघडपणे उच्चारले गेले.

अड्यार आणि कोडाईकनाल येथे मॉन्टेसरींनी हजाराहून अधिक शिक्षकांना प्रशिक्षण दिले. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांविषयीचे त्यांचे विचार याच काळात पक्के झाले. १९४६ मध्ये त्या युरोपला परतल्या, पुढे पुन्हा भारतात येऊन गेल्या. शांततेच्या नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव तीनदा सुचवले गेले. ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नोर्डवाइक येथे, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मराठी मुलांपर्यंत ही पद्धत कोणी आणली?

मॉन्टेसरी भारतात येण्याआधीच त्यांचे विचार इथे रुजले होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उभे केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

महागडे परदेशी साहित्य खेड्यात परवडणारे नाही, हे ताराबाईंनी ओळखले. त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने यांतून साहित्य उभे केले आणि गाणी, गोष्टी, नाट्य यांनाही भरपूर जागा दिली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, या विचारातून त्यांची अंगणवाडी आकाराला आली.

आज घरी यातले काय करता येईल?

बोटाने अक्षर गिरवणे मराठी घरांना परके नाही. धूळपाटीवर बोटाने धुळाक्षरे काढण्याची आपली रीत जुनीच आहे. ताटात रवा किंवा बारीक वाळू पसरूनही ते करता येते. जुन्या पुठ्ठ्यावर पॉलिश पेपरची अक्षरे कापून चिकटवायला फार खर्च येत नाही. ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची अक्षरे हाताला सोपी जातात, मात्र ओळखताना त्यांचा गोंधळ होतो. त्यामुळे एका वेळी ओळखायला दिलेली दोन अक्षरे दिसायला आणि ऐकायला वेगळी असावीत.

दुसरा भाग ध्वनींचा. ‘क कमळाचा’ असा तक्ता पाहून मूल अनेकदा चित्र पाठ करते, अक्षर नव्हे. म्हणून आधी कानांचा खेळ घ्यावा. स्वयंपाकघरात ‘क’ ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधा : कढई, कांदा, किसणी, कुकर. त्यातून एकच ‘क्’ काना, वेलांटी, उकार घेऊन कसा बदलतो हेही कानाला कळते आणि पुढे बाराखडी घोकण्याचे ओझे हलके होते. भेंड्या हाही शब्दाचा शेवटचा ध्वनी पकडण्याचाच खेळ : सातारा, राजापूर, रत्नागिरी.

तिसरी गोष्ट थांबण्याची. मणी ओवणे, कणकेचे गोळे करणे, शेंगा सोलणे हीच लेखनाची पूर्वतयारी आहे. चिमटीत ताकद येण्याआधी पाटीवर पानभर गिरवायला लावले, तर हात दुखतो आणि अक्षरांचा कंटाळा येतो. नवीन शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. बालवाडी निवडताना फलकावरचे नाव पाहण्यापेक्षा आत थोडा वेळ थांबून पाहावे : मूल साहित्य स्वतः निवडते का, चुकल्यावर त्याला रागावले जाते का आणि अक्षर हाताने अनुभवायला मिळते का. मॉन्टेसरी हे नाव कोणत्याही संस्थेच्या मालकीचे नाही, ते कोणतीही शाळा लावू शकते.